बिघाडाची बातमी सुपरवायझरपर्यंत किती वाजता पोचते?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे चाकणच्या एका कारखान्यात सात वर्षं होते, आधी ऑपरेटर, मग सेटर, म्हणजे मशीनवर डाय (साचा) बसवणारे. दोन महिन्यांपूर्वी त्याच लाइनवर सुपरवायझर झाले. हाताखाली बावीस माणसं. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, तीच माणसं आता हे टपरीवर आले की गप्प होतात. दोन जुने कामगार सांगितलेलं ऐकत नाहीत. मॅनेजर उठता-बसता ‘टीम बिल्ड करा’ म्हणतात. चांगला लीडर व्हायला नक्की काय लागतं आणि त्यासाठी कोणता कोर्स करावा, असं त्यांनी विचारलंय.

मी एकतीस वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेसखाली पत्रा दाबून भाग बनवतात त्या विभागात, काढली. आधी भोसरी, मग चाकण. सुरुवात ट्रेनी म्हणून, शेवट शॉप इन्चार्ज म्हणून. लीडरशिपचे कोर्स कंपनीने पाठवले तेवढे सगळे केले. जेवण बरं असायचं. एकदा लोणावळ्याला नेऊन डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांच्या हातात पाठीमागे पडायला लावलं होतं, विश्वास वाढावा म्हणून. सोमवारी शॉपवर परत आलो तेव्हा टूल रूम आणि मेन्टेनन्स शुक्रवारच्याच भांडणावर होते. तेव्हा कोर्सचं नंतर बघू.

माझ्या मते टीम कशी आहे ते एका गोष्टीवरून कळतं. बिघाड ज्याला पहिल्यांदा दिसतो, त्याच्यापासून सुपरवायझरच्या कानावर यायला किती वेळ लागतो? पाच मिनिटांत येत असेल तर बाकीचं सगळं जमवता येतं. सकाळी शिफ्ट बदलल्यावर येत असेल, तर भिंतीवर कितीही तक्ते लावा. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, स्वतःच्या चुकीतून सांगतोय.

सुपरवायझर होऊन मला दीड वर्ष झालं होतं. एका पोराने पत्रा उलटा लावला आणि पन्नासेक पीस वाया घालवले. मी त्याला सगळ्या शिफ्टसमोर झापलं. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या वेळी वाटलं, चला, बाकीच्यांनाही धाक बसला. पुढच्याच आठवड्यात रात्रपाळीत दीडशे टनी प्रेसवर एक ब्रॅकेट चालू होता, सहा भोकांचा. रात्री दोनच्या सुमारास एका पंचची, म्हणजे भोक पाडणाऱ्या दांड्याची, कड उडाली आणि एका भोकाला बर्र येऊ लागला, म्हणजे कडेला पत्र्याचा बारीक काटा. मशीनवरच्या माणसाला तो दिसला. बोटाला लागलासुद्धा, कारण त्याने हातमोजा काढून चाचपून पाहिलं होतं. तरी तो बोलला नाही. सकाळी सातपर्यंत अडीच हजार पीस बिनमध्ये पडले, त्यातले निम्मे दुपारच्या गाडीने गेलेही. दोन दिवसांनी आम्ही सहा जण ग्राहकाच्या यार्डात उन्हात बसून एकेक पीस बोटाने तपासत होतो.

तिथे मी त्याला विचारलं, ‘‘तुला दिसलं नव्हतं का?’’ तो मान वर न करता म्हणाला, ‘‘दिसलं होतं, साहेब. पण त्या दिवशी तुम्ही त्याला जे बोललात ते ऐकून वाटलं, सकाळी क्वालिटीवाल्यांनाच सापडू दे.’’

मी त्याला काही बोललो नाही. काय बोलणार? पन्नास पीसचा राग मी काढला होता, त्याची किंमत अडीच हजारांत भरत होतो.

हीच गोष्ट पुढे अभ्यासातूनही पुढे आली. एमी एडमंडसन नावाच्या संशोधिका नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये औषध देण्यातल्या चुका मोजत होत्या. जिथे एकोपा चांगला, तिथे चुका कमी असणार, ही त्यांची अपेक्षा. आकडे उलटे आले, चांगल्या वॉर्डांत चुका जास्त दिसल्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला की तिथल्या नर्स चुका जास्त करत नव्हत्या, सांगत जास्त होत्या. बाकीच्या वॉर्डांत चुका पोटात ठेवल्या जात होत्या. म्हणून सुपरवायझर झाल्यावर तुमच्या लाइनवरचं रिजेक्शन (खराब म्हणून बाद झालेले पीस) पहिले दोन महिने कागदावर वाढलेलं दिसलं तर घाबरू नका. मॅनेजरना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरतील.

आता माणसं बोलती कशी करायची? मी शिफ्टच्या सुरुवातीला दहा मिनिटं उभ्या-उभ्या बैठक सुरू केली आणि एकच प्रश्न ठेवला: काल काम कुठे अडलं? पहिले तीन आठवडे कोणी तोंड उघडलं नाही. सगळे जमिनीकडे बघायचे, मी छताकडे. मग एक दिवस एक हेल्पर, तोही कंत्राटी, म्हणाला, ‘‘साहेब, ती तीन नंबरची ट्रॉली डावीकडे ओढते. चाक जाम आहे.’’ मागून दोघे हसले. अडीच हजार पीसचा विषय चालू असताना याला ट्रॉलीचं चाक सुचतंय.

माझं नशीब की त्या दिवशी मला अक्कल सुचली. बैठक संपल्यावर स्टोअरमधून चाक काढून घेतलं, फिटर मोकळा नव्हता म्हणून मी आणि तो हेल्पर मिळून ट्रॉली आडवी केली आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत चाक बसवलं. दुसऱ्या दिवशी चौघे बोलले. एक म्हणाला चार नंबर प्रेसवर उजेड कमी पडतो, एकाने गेजची खुंटी झिजल्याचं सांगितलं. ती खुंटी झिजलेली आहे हे त्याला दोन महिने माहीत होतं.

लोक पहिली तक्रार कायम छोटी करतात. ती तुमची परीक्षा असते. मोठी गोष्ट खिशात ठेवून ते आधी बघतात, की ट्रॉलीच्या चाकाचं हा काय करतो. तुम्ही ‘बघू’ म्हणालात, की खिसा बंद. तक्रार खरी नसेल किंवा जमण्यासारखी नसेल, तर तसं सांगा, कारणासकट, त्याच दिवशी. नकार माणसं पचवतात. ‘बघू’ पचवत नाहीत.

यावर कारखानदारीतलं सगळ्यात बोलकं उदाहरण मला कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटचं वाटतं. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना बदनाम होता. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या आसपास, युनियन आणि व्यवस्थापन यांचं हाडवैर, आणि काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही हा अलिखित नियम. चूक दिसली तरी गाडी पुढे सरकवायची, दुरुस्ती शेवटी यार्डात. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत ‘नुमी’ या नावाने तोच कारखाना पुन्हा उघडला. इमारत तीच, युनियन तीच, घेतलेले बहुतेक कामगारही जुनेच. काही वर्षांत दर्जाच्या बाबतीत त्या कारखान्याचं नाव जनरल मोटर्सच्या उत्तम कारखान्यांत घेतलं जाऊ लागलं आणि गैरहजेरी एक आकडी झाली.

लोक तर बदलले नव्हते. मग बदललं काय? उघडण्याआधी कामगारांच्या तुकड्या जपानला टोयोटाच्या लाइनवर शिकायला पाठवल्या होत्या. तिथे त्यांनी डोक्यावरची दोरी पाहिली. अडचण आली की कोणीही ती ओढायची. लाइन लगेच थांबत नाही. दिवा लागतो, सूर वाजतो, टीम लीडर धावत येतो. गाडी पुढच्या खुणेपर्यंत सरकायच्या आत अडचण सुटली तर दोरी पुन्हा ओढून काम चालू, नाही सुटली तर लाइन थांबते. अमेरिकन कामगारांना दोरीपेक्षा त्या टीम लीडरच्या येण्याचं जास्त नवल वाटलं. तो ‘हे कोणी केलं’ विचारत येत नव्हता, हातभार लावायला येत होता.

पुढची गंमत अशी, की जनरल मोटर्सने तीच पद्धत लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नायझच्या कारखान्यात न्यायचा प्रयत्न केला. तिथे ती रुजली नाही, १९९२ मध्ये तो कारखानाही बंद झाला. दोऱ्या टांगता येतात. दोरी ओढल्यावर येणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असेल, हे टांगता येत नाही. आपल्याकडेही ऑडिटच्या आधी लाल-पिवळे दिवे बसवलेले मी कित्येक शॉपमध्ये पाहिलेत. बटणावरची धूळ बघा, कळतं.

त्या पद्धतीतली आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. टोयोटात एका टीम लीडरकडे पाच-सहा माणसं असतात. तुमच्याकडे बावीस आहेत. बावीस जणांच्या हाकेला एक माणूस पाच मिनिटांत पोचू शकत नाही, कितीही भला असला तरी. तेव्हा लाइनवरचे तीन-चार जण असे निवडा ज्यांच्याकडे लोक आपसूक जातात (ते बहुधा तुमच्या आवडीचे नसतील) आणि त्यांच्याकडे पाच-पाच माणसांची पहिली हाक द्या. मुंबईच्या डबेवाल्यांकडे हेच दिसतं. कोविडआधी पाच हजारांच्या घरात माणसं होती, पण काम चालतं वीस-पंचवीस जणांच्या गटांत, आणि गटाचा मुकादम स्वतःही डबे वाहतो. त्यांच्या सिक्स सिग्माच्या, म्हणजे जवळजवळ बिनचूक कामाच्या, कथा व्याख्यानांत फार ऐकवतात, ते सोडा. मुकादमाला गटातल्या लायनी ठाऊक असतात, कोणी आजारी पडला तर दुसरा उभा राहतो, आणि कमाई वाटून घेतात. सहकार्य म्हणजे काय हे मला त्या शेवटच्या वाक्यात जास्त सापडतं.

कारण टीम मोडते ती बहुतेक वेळा वाटपावरून. ओव्हरटाइम कोणाला, रविवार कोणाला, गौरी-गणपतीत सुट्टी कोणाला, गावच्या जत्रेला कोण जाणार. माझ्या शॉपवर एकदा दोन चांगल्या सेटरनी तीन महिने एकमेकांशी तोंड फिरवलं होतं. मी स्वभाव, अहंकार, काय-काय कारणं लावली. शेवटी कळलं, एकाला सलग चार रविवार ओव्हरटाइम मिळाला होता आणि दुसऱ्याच्या घराचा हप्ता थकला होता. वाटप मीच केलं होतं, ‘जो समोर दिसेल त्याला’ या पद्धतीने. त्यानंतर ओव्हरटाइमची पाळी वहीत न ठेवता नोटीस बोर्डावर लावली, नावं आणि तारखांसकट, अदलाबदल करायची तर दोघांच्या सह्या. भांडणं संपली असं नाही. पण ‘साहेबांच्या मर्जीतला’ हा शब्द ऐकू येईनासा झाला.

कंत्राटी आणि कायम यांच्यातल्या पगाराचा फरक तुमच्या हातात नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण एकाला ‘अहो पाटील’ आणि त्याच मशीनवरच्या दुसऱ्याला ‘ए पोरा’ ही हाक तुमच्या हातात आहे. हातमोजे कायमवाल्यांना नवे आणि कंत्राटीला त्यांचे उतरलेले, हेही तुमच्याच हातात. ट्रॉलीचं चाक कोणी सांगितलं होतं ते आठवा.

आता तुमचे ते दोन जुने. माझ्याकडे एक सेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. डाय बसवण्यात हात असा, की दुसऱ्याला दीड तास लागायचा तिथे मामा चाळीस मिनिटांत मोकळे. आणि शिकवायचे मात्र कोणाला नाहीत. कोणत्या डायखाली किती जाडीची पट्टी घालायची ते त्यांच्या छोट्या वहीत, वही शर्टाच्या आतल्या खिशात. माझ्या आधीच्या दोन सुपरवायझरनी ‘वही जमा करा’ म्हणून नोटीस काढली होती. मामांनी वही हरवल्याचं लिहून दिलं.

मी वहीचा विषयच काढला नाही. त्यांच्या जागी बसून विचार केला, की याच्याकडे वहीशिवाय आहे काय? बढती यांना डावलून गेली, शिक्षण आठवी, माझ्यासारखे डिप्लोमावाले वर येऊन हुकूम सोडतात. वही दिली तर उद्या यांची गरज कोणाला? तेव्हा मी एका अवघड डायचं सेटिंग शीट त्यांच्याकडून बोलून लिहून घेतलं, मॅनेजरशी थोडं भांडून शीटवर खाली त्यांचं पूर्ण नाव छापलं, आणि ते मशीनला लावलं. ग्राहकाचे लोक ऑडिटला आले तेव्हा त्या शीटबद्दल बोलायला मामांनाच पुढे केलं. वर्षभरात अकरा शीट झाली. दोन पोरं तयार झाली. ती मामांना विचारल्याशिवाय काही करत नसत, आणि मामांना तेच हवं होतं.

तुमच्यापैकी एखादा असा असेल. तो ऐकत नाही म्हणजे त्याच्याकडून काय हिरावलं जातंय, हे आधी शोधा. दुसरा तसा नसेलही. माझ्याकडेही एक असा होता ज्याच्यापुढे मी हरलो. दीड वर्ष समजावलं, काम बदलून दिलं, घरी जाऊन आलो. शेवटी त्याची दुसऱ्या शॉपला बदली करून घेतली. सहा महिने आधी करायला हवी होती. तोवर त्याच्या वाटचं काम करून दोन भली माणसं माझ्यावर नाराज झाली होती. सगळ्यांना सांभाळणं हे लीडरचं काम आहे असं म्हणतात. मी म्हणेन, कोणाला सांभाळताना कोणाच्या पाठीवर ओझं जातंय, तेही बघा.

एवढं सगळं वाचून वाटेल, की मी मऊ वागायला सांगतोय. तसं नाही. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं असतात, म्हणजे स्ट्रोक पडताना हात डायमध्ये राहत नाही. एका पोराने एक बटण तारेने बांधून ठेवलेलं मला दिसलं. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने पत्रा, वेग दीडपट. मी मुख्य स्विच पाडला, त्याला त्या क्षणी मशीनवरून उतरवलं, शिफ्टभर बसवून ठेवलं. चर्चा नाही, ‘काल काम कुठे अडलं’ नाही. बोटं गेली की परत येत नाहीत, आणि हे सगळ्या शॉपला माहीत असलं पाहिजे की या एका बाबतीत साहेब कोणाचं ऐकणार नाही. असे नियम मोजून दोन-तीनच ठेवा, मात्र तुमच्या भाच्यालाही तेच लागू.

दुसऱ्या दिवशी त्याला शांतपणे विचारलं, तार का बांधलीस? तो म्हणाला, ‘‘तासाला साडेपाचशे दोन हातांनी होतच नाहीत, साहेब. तुम्हीच करून बघा.’’ मी करून बघितलं. घाम गाळून चारशे ऐंशी झाले. टार्गेट मीच लिहिलं होतं, वरून आलेल्या आकड्याला मान डोलावून. शिक्षा मी मागे घेतली नाही, टार्गेट बदललं.

ते बदलायला वर जावं लागलं, आणि खरं तर सुपरवायझरचं अर्धं काम वरच्या दिशेने असतं. खालची वाईट बातमी तुम्ही वर कशी नेता, हे खालचे लोक बारकाईने बघत असतात. एसएलव्ही-३ या भारताच्या उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. १० ऑगस्ट १९७९ ला पहिलं उड्डाण फसलं तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन पत्रकारांना स्वतः सामोरे गेले, आणि १८ जुलै १९८० ला यश मिळालं तेव्हा त्यांनी प्रकल्प संचालक अब्दुल कलामांना पुढे केलं. प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट इथेच संपते. मला त्यातला वेगळा भाग महत्त्वाचा वाटतो. कलामांनीच सांगितलं आहे, की उड्डाणाच्या काही मिनिटं आधी संगणकाने थांबायला सांगितलं होतं, तज्ज्ञ म्हणाले गळती असली तरी इंधन पुरेल, आणि कलामांनी पुढे जायचा निर्णय घेतला. म्हणजे चूक नुसत्या नशिबाची नव्हती, निर्णयाची होती. तरीही पुढच्या उड्डाणाला प्रकल्प संचालक कलामच होते. पत्रकारांसमोर तासभर उभं राहणं एकवेळ जमेल. चुकलेल्या माणसाकडे तेच काम वर्षभर ठेवणं, तेही वरून प्रश्न येत असताना, ते बघा जमतंय का.

म्हणून मॅनेजरच्या केबिनमध्ये ‘अमुकने केलं’ हे वाक्य नकोच. ‘माझ्या लाइनवर झालं, कारण हे, उपाय हा, बुधवारपर्यंत करतो’ एवढं पुरे. नाव बाहेर जातंच, भिंती पातळ असतात. तुम्ही सांगितलं नव्हतं, हेही त्याच भिंतींतून जातं.

कोर्सचं विचारलंत. करायचाच तर असा करा ज्यात एखाद्या कामाची पायरी-पायरीने फोड करून दुसऱ्याला शिकवायला शिकवतात. नवीन सुपरवायझरला त्याचा रोज उपयोग होतो. उरलेल्या वेळात आठवड्यातून एकदा तासभर स्वतः एखाद्या मशीनवर उभे राहा, वेगवेगळ्या. टार्गेट खोटं आहे का, उजेड कमी आहे का, हे विचारायची गरजच पडणार नाही.

आणि टपरीचं. तुम्ही आलात की ते गप्प होतात, याचं फार मनाला लावून घेऊ नका. दोन महिन्यांपूर्वी तुम्हीही तुमच्या सुपरवायझरबद्दल तिथेच बोलत होतात. त्यांना तुमच्याबद्दल बोलायला जागा लागते, ती त्यांची राहू द्या. चहाला त्यांच्यानंतर दहा मिनिटांनी जा. महिन्यातून एखाद्या वेळी सगळ्यांच्या चहाचे पैसे आधीच देऊन ठेवा, आणि आपला कप घेऊन शॉपवर परत या.